धुण्याआधी बघा

मुलांनो, गिअरबॉक्स खोलला की आपला हात पहिल्यांदा डिझेलच्या ट्रेकडे जातो. पार्ट धुवायचे, मग बघायचे. मी सांगतो, आधी बघा, मग धुवा. निम्मा पुरावा त्या काळ्या तेलातच असतो.

बऱ्याच गाड्यांत ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर मऊ, राखेसारखा गाळ असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र बेअरिंग किंवा दाते बारकाईने बघायलाच हवेत. तेल उन्हात धरल्यावर सोनेरी चमकलं तर ते पितळ. पितळाला चुंबक ओढत नाही. बहुतेक वेळा ते सिंक्रो रिंगचं, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगचं असतं.

ही रिंग पुढे पाठवा, प्रत्येकाने हातात घ्या. आतल्या बाजूला बारीक आटे दिसतात? रिंग गिअरच्या कोनवर, म्हणजे त्याच्या निमुळत्या भागावर, दाबली गेली की मधलं तेल हे आटे कापतात, म्हणून पकड येते आणि दोघांचा वेग सारखा होतो. आट्यांची टोकं चपटी होऊन चकाकायला लागली की तेल कापलं जात नाही. रिंग घसरते, आणि दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. कोनवर दाबून फिरवा, चांगली रिंग अडकते. मग रिंग आणि गिअरच्या दात्यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी, तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच लहान गाड्यांत नवी असताना ती १ मिलिमीटरच्या आसपास असते, ०.५ च्या खाली गेली की रिंग बाद. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा लावू नका.

पण रिंग झिजली कशाने, हे विचारल्याशिवाय नवी बसवू नका. सिंहगड रस्त्याकडची एक टॅक्सी माझ्याकडे आली होती, दुसरा कर्र करायचा. नाना पेठेतून रिंग आणली, बसवली, गाडी दिली. चार महिन्यांत तोच आवाज. रिंग बघितली तर पुन्हा चपटी. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. पेडल दाबूनही इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा, फिरत राहायचा आणि ती एवढीशी रिंग दर वेळी इंजिनाशी झुंजायची. दुसऱ्या खेपेला मी मजुरी घेतली नाही, पण त्या माणसाचा तीन दिवसांचा धंदा बुडाला, तो मी कुठून भरून देणार? ते अजून मनाला लागतं.

गाडी चालताना गिअर आपोआप सुटत असेल तर रिंगमागे लागू नका. स्लीव्हचे, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे, आणि गिअरचे पकडीचे दाते बघा. त्यांना मागे किंचित निमुळतं केलेलं असतं, म्हणजे जोर आला की ते एकमेकांत ओढले जातात. तो उतार झिजून गोल झाला की उलट बाहेर ढकलतात. स्लीव्ह सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कची टोकं झिजली तरी स्लीव्ह पूर्ण आत जात नाही, म्हणून स्लीव्हच्या खाचेतला फोर्कचा खेळही मोजा. न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबल्यावर बंद, अशी तक्रार असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग आधी तपासा.

आता इकडे टेबलाभोवती या. हा बॉक्स कात्रजचा घाट उतरताना तिसरा सोडायचा, चढताना कधीच नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की जोर दात्यांच्या दुसऱ्या अंगावर येतो, एवढं लक्षात ठेवा. अजून धुतलेला नाही. टॉर्च घ्या, आणि दात्याचं कुठलं अंग गेलंय ते मला दाखवा.