बहात्तराव्या भागातलं मिग

(जवळून : करड्या प्लास्टिकवर जोडाची रेघ. टॉर्चचा उजेड आडवा.)

ही रेघ ०.२ मिलिमीटर रुंद आहे. नखाने चाचपली तर लागेल, नाहीतर नाही. पण मॉडेल आहे १:७२ प्रमाणातलं. खऱ्या विमानाला एवढी फट असती, तर ती दीड सेंटीमीटरच्या जवळपास भरली असती आणि तिच्यात बोट गेलं असतं. म्हणून काका ती पुन्हा भरतायत.

(खालचे माग. आवाज पूर्ण, मग हळूहळू कमी.)

सोलापूर, पूर्व भाग. खाली टेरी टॉवेलचे माग, वर माडीवर ही खोली. काकांची उभी हयात मागांवर जॉबर म्हणून गेली. माग अडला, ताना तुटायला लागला, फणीची तार वाकली की हाक त्यांनाच. फणी उजेडासमोर धरायची आणि कुठली तार सरळ नाही ते एका नजरेत सांगायचं, ही त्यांची ख्याती. ती नजर आता या टेबलावर आली आहे. खालचे निम्मे माग बंद आहेत.

(डबा उघडताना. स्प्रूच्या चौकटी.)

डब्यात असते प्लास्टिकची चौकट, तिला चिकटलेले शंभरावर भाग आणि आकृत्यांची एक पुस्तिका. पहिलं काम धुण्याचं. साच्यातून भाग सुटावा म्हणून कारखान्यात तेलकट थर दिलेला असतो. तो राहिला तर रंग धरत नाही. मग भाग निपरने कापायचा, तोही कडेला चिकटून नाही. थोडा देठ ठेवायचा, ब्लेडने तासायचा, शेवटी पॉलिशपेपर. एका दमात कापला तर प्लास्टिक पांढरं पडतं. पुतण्या शेजारी बसून चाकाचा भाग थेट कापायला जातो, तेव्हाचा हा आवाज ऐका.

(काकांचा आवाज : "थांब बे. काय घाई करलालास?")

(विमानाचं खोकं, त्यावरचं चित्र.)

हे मिग-२१. त्यातलं एफएल, म्हणजे टाइप ७७. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ साली दाखल झालं, चंडीगडला, २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारं हवाई दलाचं हे पहिलं लढाऊ विमान. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन ते इथेच बांधायला घेतलं. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. सहाशेहून अधिक मिग-२१ या देशात तयार झाली. काकांना एफएलच हवं होतं ते यासाठी. त्यांच्या हिशेबात हे ओझरचं विमान आहे. मॉस्कोचं नाव काढलं की ते फक्त मान हलवतात.

पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत खरं विमान ७.१५ मीटर. मॉडेल दहा सेंटीमीटरच्या आत. तळहातावर मावतं.

(कॉकपिट. भिंगातून.)

बांधणी कॉकपिटपासून सुरू होते, कारण दोन अर्धुकं एकदा चिकटली की आत हात जात नाही. बऱ्याच रशियन लढाऊ विमानांचं कॉकपिट आतून निळसर हिरवं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग चुकलाय असंच वाटतं. त्यावर काळा डॅशबोर्ड, आणि घड्याळांच्या काचांसाठी टाचणीच्या टोकाने एकेक थेंब क्लिअर वॉर्निशचा. झाकण लागल्यावर यातलं फारसं काही दिसणार नाही. काकांनी तरी सगळी घड्याळं केली. आम्ही चित्रण केलं, म्हणून तुम्हीही बघताय.

(शिशाच्या गोळ्या. मागे हिप्परग्याचा तलाव, मासेमारीची जाळी.)

आता नाक. मिग-२१ हवा नाकातून ओढतं, आणि त्या तोंडाच्या मधोमध जो सुळका दिसतो त्यात रडार. मॉडेलमध्ये ही जागा दुसऱ्या कामाची आहे. मागची चाकं, शेपटी आणि पंख यांचं वजन जास्त झालं, तर मॉडेल मागे कलंडतं आणि पुढचं चाक हवेत राहतं. म्हणून सुळक्यात शिसं भरायचं. काका हिप्परग्याच्या मच्छीमारांकडून जाळ्याच्या गोळ्या आणतात.

(काकांचा आवाज : "नाकात शिसं टाकलं नाही, तर बसतंय बघ शेपटावर.")

(गोंदाची बाटली. ब्रशचं टोक जोडाला टेकतं.)

हा शॉट आम्ही मुद्दाम हळू केला आहे. या गोंदाला गोंद म्हणायचं ते सवयीने. हा पातळ द्रव प्लास्टिकला विरघळवतो. दोन अर्धुकं हातात दाबून धरायची आणि ब्रशचं टोक जोडाला नुसतं टेकवायचं. द्रव आपसूक फटीत पळतो. मग जरा दाबलं की विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती पुसायची नाही. तिला वाळू द्यायची आणि नंतर तासून काढायची. दोन भागांचा एक भाग तिथे होतो. तरीही जिथे खड्डा राहिला, तिथे लांबी. गॅरेजवाला मोटारीच्या पत्र्याला भरतो तीच. काका ती टूथपिकने लावतात.

घासताना विमानाच्या पत्र्यांच्या रेघाही पुसल्या जातात. त्या सुईने परत कोरायच्या, कडेला जाड टेप लावून. हात एकदा घसरला की तो भाग पहिल्यापासून.

(कॅलेंडर. खिडकीतलं ऊन.)

मे महिन्यात इथला पारा ४२ च्या वरही जातो. अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याच्या, तोंडाशीच सुकतो, हवेत कोरडा होऊन मॉडेलवर पडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उपाय दोन. रंगात रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारा द्रव, घालायचा, किंवा पहाटे उठायचं. काका दोन्ही करतात. पहाटे माग बंद असतात, टेबल थरथरत नाही, हा आणखी एक फायदा. थिनरच्या वासासाठी आता मास्क आहे, खोकला त्याआधीचा.

(काळं चकचकीत मॉडेल. फिरत्या थाळीवर.)

बघणारे इथे हमखास विचारतात, चंदेरी विमान काळं का केलं? एफएल सुरुवातीला रंगाविना उडत, उघड्या अॅल्युमिनियममध्ये. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर घाईने छलावरणाचे पट्टे चढले. पट्टे रंगवणं सोपं, त्याखाली चार चुका झाकतात. धातूचा रंग एकही झाकत नाही. पॉलिशपेपरचा एक ओरखडा, बोटाचा एक ठसा, सगळं वर येतं. काकांनी उघडा धातूच घेतला. खाली आरशासारखा काळा, वर चंदेरीचे अगदी विरळ थर. काळा जितका गुळगुळीत, तितका वरचा धातू खरा.

(टेप लावणं. टेप आधी तळहातावर.)

सगळे पत्रे एकाच छटेचे नसतात. इंजिनाजवळचे तापून जरा पिवळसर, निळसर झालेले, काही मंद. म्हणून एकेक पत्रा टेपने बंद करायचा आणि शेजारच्यात थेंबभर काळा किंवा तपकिरी मिसळायचा. टेप आधी तळहातावर चिकटवून तिचा जोर कमी करायचा, नाहीतर काढताना खालची चांदी सोबत येते. टेपचा हा भाग फिल्ममध्ये जरा लांबला आहे. आम्हाला तो कापवला नाही.

(जुने कृष्णधवल फोटो, मिग-२१.)

१२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरजवळ एका मिग-२१ एफएलने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनीच रॉकेटं सोडली. आपल्या हवाई दलात मिग-२१ शेवटचं उडालं २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंडीगडहूनच. मधल्या वर्षांत अपघातांत बरेच वैमानिक गेले.

(डेकल. पाण्यात सुटणारा कागद.)

आता खुणा. डेकल कोमट पाण्यात ठेवायचा, कागदावरून सुटला की ब्रशने मॉडेलवर सरकवायचा. हवाई दलाचं वर्तुळ बाहेरून केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. डेकलखाली हवा अडकली की तिथे चंदेरी डाग पडतो, आणि चंदेरी विमानावर तो दुप्पट दिसतो. म्हणून खाली चमकदार वॉर्निश आणि वरून डेकल मऊ करणारं द्रावण. द्रावण लागल्यावर डेकल आधी सुरकुततो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हात लावायचा नाही. वाळता वाळता तो स्वतःच रेघांमध्ये बसतो.

मळ किती दाखवायचा, यावर काका आणि पुतण्या यांचं जमत नाही. पुतण्याला तेलाचे ओघळ, धूर, सोललेला रंग हवा. काकांचं म्हणणं, शांततेच्या काळातलं विमान रोज पुसलं जातं. शेवटी रेघांमध्ये वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ करडा रंग, आणि चाकांना थोडी धूळ. आम्ही काकांच्या बाजूचे आहोत.

(होटगी रोड विमानतळ. एटीआर विमान उतरतं.)

हे होटगी रोडचं. १५ जून २०२३ रोजी विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि २०२५ मध्ये इथून गोव्याचं विमान सुरू झालं. तो मोठा विषय, या फिल्मचा नव्हे. काकांनी गच्चीवरून विमान ओळखलं, "एटीआर" म्हणाले आणि रंग सुकतोय म्हणून खाली उतरले.

(इंजेक्शनची सुई. पक्कड.)

नाकाच्या वरून पुढे निघालेली ही लांब नळी पिटो. हवेचा दाब तिथून कळतो आणि दाबावरून वेग. डब्यातली प्लास्टिकची नळी जाड आणि बोथट, म्हणून ती बाद. त्या जागी इंजेक्शनची नवी सुई. टोक घासून सपाट केलं आणि सुपरग्लूने बसवली. चाकांचे गाभे हिरवे. पंखाच्या टोकांना दिवे, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. पंखांखाली दोन के-१३ क्षेपणास्त्रं.

(मॉडेल तीन चाकांवर. लाकडी पाटी.)

पाटीवर तीन ओळी : मिग-२१ एफएल. १:७२. ओझर. तिसऱ्या ओळीसाठी पुतण्या अडून बसला होता. त्याला स्क्वाड्रनचं नाव हवं होतं. काकांनी ओझर लिहिलं.

पुढचा डबा नॅट या लढाऊ विमानाचा आहे. विमान आणखी लहान, पंखाच्या कडा आणखी पातळ. स्प्रू धुऊन गच्चीवर वाळत टाकले आहेत, आणि पुतण्या विचारतोय की याच्या नाकात शिसं मावणार कुठे.