निंदणाची कंबर आणि दहा रुपयांची पुडी

श्रोतेहो, नमस्कार. निंदणाचे दिवस आहेत. दिवसभर वावरात वाकलेली कंबर संध्याकाळी सरळ होत नाही, आणि मग दुकानातून दहा रुपयांची पुडी येते. त्यात एक पांढरी गोळी, एक पिवळी, एक गुलाबी. कोणती कशाची, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. चार पावलांत धाप, पापणी खाली ओढून पाहिली तर आत कागदासारखी पांढरी. "संडास काळी होते का?" विचारलं. म्हणाल्या, "होते ना जी, डांबरावानी. मले वाटलं, जांभळं खाल्ले म्हून." तीन आठवडे रोज दोन पुड्या चालू होत्या. पोट मात्र एकदाही दुखलं नव्हतं.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या शरीरात सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होऊ देत नाहीत. म्हणून सूज उतरते. पण जठराचं बुळबुळीत अस्तर राखणारंही तेच द्रव्य. त्याच जातीच्या ॲस्पिरिनचं हे काम शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं; १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. अस्तर उघडं पडलं की आम्लाने जखम होते, तिच्यातून झिरपलेल्या रक्ताने संडास डांबरासारखी काळी होते, आणि जखमेची ठणक कधी त्याच गोळीखाली दबून राहते.

"मग सुईच द्या," म्हणणारे पुष्कळ. अहो, सुईतलं औषधही रक्तातून तिथेच पोहोचतं! साठीपुढच्यांनी, आधी अशी जखम, म्हणजे अल्सर, झालेल्यांनी, हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी जास्त जपावं. पुडीत स्टेरॉइड, म्हणजे सूज दाबणारं जोरकस औषध, असलं तर धोका आणखी वाढतो. उन्हात, कमी पाण्यावर मूत्रपिंडालाही त्रास होतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने, त्यांचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ साली गुरांसाठी ते बंद झालं. माणसाची पुडी चालूच आहे.

मावशींच्या पुड्यांचे झाले होते चारशे वीस रुपये. पुढे रक्ताच्या दोन पिशव्या, दुर्बिणीच्या तपासासाठी नागपूर, गाडीभाडं, सोबतच्या लेकाची बुडालेली मजुरी. घरी परतल्या तेव्हा दावणीच्या दोन बकऱ्या विकल्या गेल्या होत्या.

साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल बहुधा पुरतं, पोटाला सौम्यही असतं. दारू पिणाऱ्यांनी मात्र विचारूनच घ्यावं. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ते तपासणाऱ्याला ठरवू द्या. डांबरासारखी, चिकट, उग्र वासाची दिसली तर पुडी बंद, आणि त्याच दिवशी दवाखाना. येताना उरलेल्या गोळ्या कागदासकट आणा. मावशींनी आणल्या होत्या, पदराच्या गाठीत.