आर्मचा कोन आधी, वायरी नंतर

मंडळी, ऑटोपायलटचं नाव निघालं की आपण पडद्याबद्दल बोलू लागतो. धोका मात्र पडद्यात नसतो, सर्वोच्या (कंट्रोल हलवणाऱ्या मोटरच्या) आर्ममध्ये, म्हणजे तिच्या फिरणाऱ्या हातात असतो. व्हॅन्सच्या आरव्ही-7 या घरी बांधायच्या विमानाचंच उदाहरण घेऊ. पिच सर्वो (नाक वर-खाली करणारा) शेपटीकडच्या भागात एलेव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या पाखीच्या) बेलक्रँकला, म्हणजे जोराची दिशा वळवणाऱ्या तरफेला जोडतात आणि रोल सर्वो (विमान कलवणारा) पंखात, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पाखीच्या) बेलक्रँकपाशी.

आर्म फिरत फिरत पुशरॉडच्या (सर्वो आणि बेलक्रँक जोडणाऱ्या रॉडच्या) रेषेत आला आणि पलीकडे गेला, की स्टिक (वैमानिकाच्या हातातली दांडी) अडकते. अशा वेळी सुरक्षेचा शिअर स्क्रू (जोर वाढला की मुद्दाम तुटणारा) तुटेल, असं कुणी समजू नका. तो तुटतो पिळामुळे, आणि रॉडचा जोर आर्मच्या लांबीतूनच जात असेल तर पीळ पडतच नाही. ब्रेकर ओढून सर्वोची वीज तोडली तरी उपयोग नाही, कारण अडकलंय ते यांत्रिक.

म्हणून वायर जोडण्याआधी एकाने कॉकपिटमध्ये बसून स्टिक शेवटपर्यंत न्यावी, दुसऱ्याने आर्मपाशी कोनमापक धरावा. मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे 60 अंशांच्या आत राहा. मग एलेव्हेटरलाच हाताने थोडा जास्तीचा रेटा द्या, कारण बेलक्रँकचा ब्रॅकेट आणि पुशरॉड दाबाखाली किंचित लवतात. विमानाचे मूळ स्टॉप (हालचाल अडवणारे ठोकळे) आधी टेकले पाहिजेत. सर्वोचा स्टॉप-ब्रॅकेट त्यानंतरचा, पण तो वगळू नका.

आर्मच्या आतल्या भोकात रॉड लावला तर जोर जास्त मिळतो, पण तेवढ्याच हालचालीला आर्म जास्त फिरतो. बाहेरच्या भोकात याच्या उलट. जोर कमी पडत असेल तर मोठा सर्वो घ्या. आतल्या भोकाकडे पळणं मला पटत नाही.

रॉड एंडला (रॉडच्या टोकाच्या गोळ्याच्या सांध्याला) एएन3 बोल्ट, आणि मोकळ्या बाजूला एएन970-3 हा रुंद वॉशर. गोळा निखळला तरी रॉड बोल्टवरून सुटत नाही. नायलॉक नटचा टॉर्क 20 ते 25 इंच-पौंड, त्यात नटचा स्वतःचा अडसर मिळवायचा. शेवटी टॉर्क सील, म्हणजे नट हलला तर दाखवणारा रंग. स्टिक कुठेही असो, रॉड बोटांनी स्वतःभोवती जरासा डुलला पाहिजे. नाही डुलला, तर रॉड एंड तिरके घट्ट झालेत. चेकनट (रॉड एंड जागी धरणारे नट) सैल करून दोन्ही एका रेषेत आणा.

वायरिंग सोपं आहे: डेटाची जोडी पिळलेली, जुडगा आर्मच्या फेऱ्यापासून लांब बांधलेला, डिसकनेक्टचं बटण स्टिकवर.

जमिनीवर ऑटोपायलट लावून हेडिंग बग (जायची दिशा सांगणारी पडद्यावरची खूण) उजवीकडे फिरवा, स्टिकही उजवीकडे गेली पाहिजे. मग हाताने जोर लावून सर्वोला हरवून बघा. हे करताना हेडिंगचा आकडा हलतो का, तेही पाहा. सर्वोची मोटर चुंबकीय असते. मॅग्नेटोमीटर (दिशा मोजणारा चुंबकीय सेन्सर) शेपटीत जवळच असेल तर त्याची जागा बदलावी लागते. वजन आणि सीजी (गुरुत्वमध्य) पुन्हा काढा.

हवेत विमान उंचीभोवती वरखाली झुलू लागलं, की जो तो आधी गेन (ऑटोपायलटच्या प्रतिसादाची तीव्रता) कमी करतो. आधी खाली उतरून रॉडच्या दोन्ही टोकांचा खुळखुळा तपासा. तिथे ढिलाई असेल, तर गेन कितीही बदला, झुलणं थांबणार नाही.