भिंत वाळायला लागतात तेवढे दिवस

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या नव्या स्वयंसेवकांसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेलं व्याख्यान, संपादित)

दरवर्षी जून लागला की मला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात. ‘सर, यंदा पाणी भरलं तर कळवा, आम्ही रजा टाकून येतो.’ त्यांतले बरेचजण आता मुंबई-पुण्याला नोकरीत आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हीच मुलं माझ्याबरोबर चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकाठच्या एका वाडीत पूरग्रस्तांची घरं उभी करायला गेली होती. आम्ही तिथे काय चांगलं केलं, ते शिबिराच्या अहवालात आहे. आमचं काय चुकलं, ते अहवालात लिहिलेलं नाही. म्हणून आज तेच सांगतो.

तुमच्यापैकी बरेचजण तेव्हा शाळेत असाल. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. बाजारपेठेत माणसं माळ्यावर, गच्चीवर अडकली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आपल्या कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीचा कडा उतरून त्या थेट खाडीला भिडतात, त्यामुळे घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत गावात उतरतो. त्या वेळी दाभोळच्या खाडीला भरती असेल तर पुराला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या गाळाने नदीचं पात्र उथळ झालेलं. शिवाय कोयनेच्या वीजघरांतलं पाणी कोळकेवाडी धरणावरून याच वाशिष्ठीत येतं, त्यावर तेव्हा खूप वाद झाला. गाळ काढा म्हणून त्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांनी पाहिलं होतं त्यांना वाटलं होतं, त्याहून वर काही येणार नाही. आलं.

आता घराकडे येतो.

पूर ओसरल्यावर घरात राहतो तो चिखल साधा नसतो. तो लोण्यासारखा मऊ, बारीक गाळ असतो. माजघरात, न्हाणीघरात, फडताळाच्या खणांत, तांदळाच्या डब्यात, सगळीकडे गुडघाभर. ओला आहे तोवर फावड्याने ओढता येतो. दोन दिवस उन्हाची तिरीप लागली की त्याची ढेप होते आणि मग पहार घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात घमेली उचलणारे हात हवेतच, त्याला पर्याय नाही. गमबूट आणि हातमोजे घाला, घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती असते, डॉक्टरांना विचारून त्यावरची डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्या. विजेच्या बोर्डाला हात लावू नका. पंचनामा होऊन फोटो निघेपर्यंत मोडकं सामान फेकू नका. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय तर काहीच फेकू नका. एका मुलाने चिखलात माखलेलं एक गाठोडं कचऱ्यात टाकलं, त्यात बियाण्याचा भात होता. भिजून गेलेलाच होता, पण त्या माऊलीने तो परत आणायला लावला, धुतला, पसरला. रुजेल की नाही हे तिला ठरवायचं होतं.

ही कामं आमच्या मुलांनी फार मनापासून केली. मला त्यांचा आजही अभिमान आहे. चूक पुढे झाली.

वाडीत एका आजीचं घर होतं. जोतं जांभ्याचं, त्यावर मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पाणी खिडकीच्या वरपर्यंत चढलेलं. ओटीची एक भिंत अर्धी ढासळली होती, बाकीच्यांचा गिलावा सोलून निघाला होता. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. पूर आला त्या दिवसापासून मोजून पन्नास दिवस. कोकणातल्या माणसाला हे पन्नास दिवस म्हणजे काय ते मी सांगायला नको. मुंबईचे मुलगे-सुना येणार, मूर्ती येणार, आणि ती ठेवायची कुठे? आजीचा जीव त्यात अडकलेला. आमचाही.

तेवढ्यात कुणीतरी सिमेंटच्या वीस गोण्या पाठवल्या. चांगल्या मनाने पाठवल्या. पण मी हे पाहिलंय की मदत म्हणून जे येतं, तेच मग बांधलं जातं. सिमेंट दारात आलं, मुलं हातात थापी घेऊन तयार, सुट्टीचे चारच दिवस उरलेले. आम्ही ठरवलं, ढासळलेली भिंत चिऱ्यांनी भरून काढू आणि सगळ्या ओटीला सिमेंटचा गिलावा करू.

त्याच वाडीतले एक गवंडीमामा होते. त्यांचंही घर बुडालं होतं, तरी रोज आमच्याबरोबर यायचे. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं आणि बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवलं. खाली भद असा आवाज आला. मग वर, पाणी पोचलं नव्हतं तिथे वाजवलं. तिथे कोरडा, खणखणीत. म्हणाले, ‘सर, हिच्या पोटात पानी हाय अजून. हिला वाफ सोडू द्या. दिवाळीपर्यंत हात लावू नका.’ मी त्यांना म्हटलं, ‘मामा, गणपती दिवाळीच्या आधी येतात.’ ते गप्प राहिले. मी शिकलेला माणूस, शिबिराचा प्रमुख. त्यांनी माझा मान ठेवला आणि मी त्यांचा ठेवला नाही.

गिलावा झाला. रंग दिला. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो काढले, ते कॉलेजच्या फलकावर वर्षभर होते.

मातीची भिंत दोन्ही अंगांनी श्वास घेते म्हणतात, ते खरं आहे. आत गेलेलं पाणी वाफ होऊन हळूहळू पृष्ठभागावाटे बाहेर पडतं. त्यावर सिमेंटचा थर बसला की ते आतच कोंडतं. बाहेरून भिंत टणक दिसते, आत मातीचा लगदा. जांभाही सच्छिद्र, तोसुद्धा महिनोन् महिने पाणी धरून ठेवतो. आणि आपला ऑगस्ट असा की दोरीवरचा टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तिथे दीड फुटी भिंत कशी वाळणार?

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. गिलावा पोट सुटल्यासारखा पुढे आला होता आणि एका रात्री ओटीच्या अख्ख्या लांबीचा खाली बसला होता, आतली ओली माती घेऊन. आजी त्या रात्री माजघरात झोपली होती. रोज झोपायची ती ओटीवर. हे वाक्य मी आजही सहज म्हणू शकत नाही.

पलीकडच्या घरात आम्ही पोचलोच नव्हतो, वेळ संपला म्हणून. त्यांनी उघड्या, ओल्या भिंतीपुढे जुनं लुगडं ताणून बांधलं, वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधली आणि गणपती बसवले. त्यांची भिंत दिवाळीनंतर वाळली आणि उभी राहिली.

जानेवारीत आम्ही परत गेलो, अकरा जण. ऑगस्टमध्ये त्रेसष्ट होतो. या वेळी मामा सांगतील तसं. आधी सगळं सिमेंट खरवडून काढलं. मग माती चाळली, त्यात भाताचा पेंढा बारीक तोडून घातला, शेण घातलं आणि पायांनी तुडवली. तुडवून झाल्यावर मामांनी ती झाकून कुजत ठेवायला लावली. मुलं विचारायची, आज लावायची का? मामा मूठभर उचलून दाबायचे, हुंगायचे आणि नको म्हणायचे. पाचव्या दिवशी हो म्हणाले. हातभर थर चढवायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. त्यामुळे सात दिवसांच्या शिबिरात भिंत पुरी झालीच नाही. उरलेली वाडीतल्या लोकांनी फेब्रुवारीत केली.

तुमचे दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात, शिबिर सात दिवसांचं असतं, मध्ये परीक्षा असतात. हे सगळं मला ठाऊक आहे, त्या तासांच्या वह्या मीच तपासतो. पण घराचं पंचांग वेगळं चालतं. चिखल जुलै-ऑगस्टचा. गणपती, दसरा हे वाळण्याचे दिवस. बांधकाम दिवाळीनंतर. कौलं चाळायची, फुटकी बदलायची ती मेच्या आत. पुरानंतर पंधरा दिवस वाडीत एवढी माणसं येतात की चहाला कप पुरत नाहीत. जानेवारीत रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि खरं गवंडीकाम तेव्हाच असतं.

तिकडे टेबलावर दोन वह्या ठेवल्यात. निळी वही पुरानंतर लगेच जाणाऱ्यांची, तपकिरी वही जानेवारीची. पूर येऊ नये हीच प्रार्थना, पण आला तर निळ्या वहीतून मी त्यांनाच नेणार आहे ज्यांचं नाव तपकिरी वहीतही असेल. मामा आता थकलेत, पण तुडवलेली माती हुंगायला येईन म्हणालेत.