हलकी बॅटरी घेऊन डिकीत टाकताय? आधी काटा लावा

नमस्कार मालक! हा मंगळवार पेठेतून आणलेला काटा आणि ही माझ्या हॅचबॅकची साधी, शिशाची 35 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, साठ्याचं माप) बॅटरी, लटकवतो बघा... 9 किलो 600. आता ही लिथियमवाली, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट... 3 किलो 200. सहा किलोच्या वर वजन कमी झालं, आणि एवढं बघूनच बरेच जण ऑर्डर टाकतात.

पण जरा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात 35 आणि खाली बारीक ‘पीबी इक्विव्हॅलंट’, पीबी म्हणजे शिसं, शिशाच्या बॅटरीच्या बरोबरीची. म्हणजे स्टार्टर फिरवायला ती पस्तीसवालीसारखी, पण आतला साठा फक्त 12 एएच. पोर्शेनं 2010 ला 911 जीटी3 या स्पोर्ट्स कारसाठी लिथियम बॅटरी दिली होती ना, ती पण 60 एएचच्या जागी बसायची आणि खरी होती 18 एएच, वर सोबत साधी बॅटरी पण द्यायचे, थंडीसाठी. आता गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) वगैरे मिळून 50 मिलीअँप खातात असं धरा, दिवसाला 1.2 एएच झाले, दहा दिवसात बॅटरी झोपली. पोरगं पुण्याला नोकरीला आणि गाडी जुळे सोलापुरात दारात उभी, अशी घरं आपल्याकडं किती आहेत!

आपल्याकडं थंडीचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे उन्हाचा. मे महिन्यात दुपारी हायवेनं येऊन सात रस्त्याला गाडी बंद केली की बॉनेटखाली हवा फिरायची थांबते आणि इंजिनची सगळी धग बॅटरीवर येते. मी थर्मामीटर ठेवून बघितलं, 60 च्या वर गेला. एवढ्या तापात लिथियमचं आयुष्य भराभर कमी होतं, बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट, सप्लाय तोडतो ते वेगळंच. म्हणून मग लोक म्हणतात डिकीत टाकू.

टाका, पण परत काटा लावा. डिकीपासून स्टार्टरपर्यंत 5 मीटर केबल लागते. 35 स्क्वेअर एमएमची घेतली तर नुसतं तांबंच दीड किलो, वर इन्सुलेशन, बॉक्स, ब्रॅकेट, फ्यूज, म्हणजे तीन किलो परत आले, वाचवलेलं निम्मं वजन गेलं. आणि पातळ केबल घेऊन वजन वाचवू नका हो, 35 च्या केबलमध्ये पण 200 अँपला अर्धा व्होल्ट पडतोच, 16 ची घेतली तर सव्वा व्होल्टच्या आसपास जातो आणि स्टार्टर कण्हायला लागतो.

बॅलन्सचं म्हणाल तर 900 किलोच्या गाडीत 10 किलो पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर नेले तर एक टक्का फरक, 60-40 चं 59-41. ट्रॅकवर चालवणाऱ्याला तो हवा असतो, मान्य. रोज होटगी रोडला ये-जा करणाऱ्या गाडीत मी हे करणार नाही, जड बॅटरी आहे तिथंच राहू दे.

तरी करायचंच असेल तर डिकीत साधी पाणी टाकायची बॅटरी अजिबात नको, हायड्रोजन सोडते ती, सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं ती) घ्या आणि तिची व्हेंटची नळी बाहेर काढा. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करा. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच, इंजिनपाशी लावून उपयोग नाही, कारण केबल मध्ये कुठं पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजच्या मागच्या, बॅटरीपर्यंतच्या सगळ्या लांबीला कुणी वाली नाही, आणि ती लांबी मागच्या सीटखालून जाते, जिथं पोरं बसतात.