जर्मनीत एखाद्या पक्षावर बंदी येते कशी, आणि अडते कुठे?

नमस्कार. लोकांनी मतं दिलेल्या पक्षावर लोकशाहीत बंदी घालता येते का? जर्मनीत येते. हिटलरच्या राजवटीनंतर, १९४९च्या राज्यघटनेत कलम २१ मध्ये तशी तरतूदच केली आहे. मात्र सरकार स्वतः बंदी घालू शकत नाही. सरकारने किंवा संसदेच्या दोनपैकी एका सभागृहाने अर्ज करायचा. निकाल घटना न्यायालयाचं आठ न्यायाधीशांचं पीठ देणार. पाच विरुद्ध तीन चालत नाही, पक्षाविरुद्ध सहा मतं हवीत. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा.

अशी बंदी आजवर दोनदाच आली. १९५२ साली एसआरपीवर, म्हणजे जुन्या नाझींनी काढलेल्या पक्षावर. आदल्याच वर्षी लोअर सॅक्सनीत त्याला ११ टक्के मतं होती. बंदीनंतर निवडून आलेल्यांच्या जागा गेल्या, मालमत्ता जप्त झाली, वेगळ्या नावाने तोच पक्ष काढायलाही मनाई. मग १९५६ साली कम्युनिस्ट पक्षावर. त्याला १९५३ला जेमतेम २.२ टक्के मतं मिळाली होती, तरी यशाची शक्यता पाहायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. हे आम्हाला पटत नाही: ज्याच्यापासून धोकाच नाही, त्याला संपवून लोकशाहीचं रक्षण कसं होणार?

आता एनपीडी. २००३ साली या अतिउजव्या पक्षाविरुद्धचा खटला पुराव्यापर्यंत पोचलाच नाही. पक्षाच्या नेतृत्वातच गुप्तचर खात्याचे खबरे बसले होते, आणि अर्जात त्यांच्यातल्या काहींची वक्तव्यं पुरावा म्हणून जोडली होती. मग बोलतंय कोण, पक्ष की सरकारचा माणूस? पीठावर तेव्हा सात जण होते. चौघं म्हणाले खटला चालवा, तिघं म्हणाले थांबवा. सहा मतं झाली नाहीत, खटला संपला.

२०१३ला पुन्हा अर्ज आला. या वेळी नेतृत्वातले खबरे आधी काढून घेतले होते. २०१७चा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. पक्षाचा हेतू घटनाविरोधी आहे हे सिद्ध झालं, पण तो तडीस नेण्याची ताकद दिसत नाही, म्हणून बंदी नाही. तेव्हा एकाही राज्याच्या विधानसभेत त्यांची जागा नव्हती. १९५६ची भूमिका न्यायालयाने इथे सोडली.

त्याच वर्षी घटनादुरुस्ती झाली: हेतू तसा असेल तर सरकारी अनुदान थांबवता येईल, ताकद सिद्ध करायची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच पक्षाचं, आता नाव ‘डी हायमाट’, अनुदान सहा वर्षांसाठी बंद झालं, करसवलतीही गेल्या. निवडणूक तो अजूनही लढवू शकतो.