ग्लासातली चांदी आणि चिमूटभर मीठ

मंडळी, टेबलावर दोन ग्लास आहेत. दोन्हींतलं पाणी तुम्हाला सारखंच दिसेल. एकात नुसतं डिस्टिल्ड वॉटर आहे, दुसऱ्यात काल रात्री मी तासभर चांदी उतरवली आहे. या पाण्याला लोक ‘कोलॉयडल सिल्व्हर’ म्हणतात. कोलॉयड म्हणजे आपल्या मराठी पुस्तकांतलं कलिल, न विरघळता द्रवात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण. पण घरी असं जे पाणी तयार होतं, त्यातली बरीचशी चांदी कलिल नसतेच. ती आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या रूपात विरघळलेली असते.

मांडणी साधी आहे. चोख चांदीच्या दोन तारा, 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या आणि मध्ये एक रोधक. पैंजणाची चांदी नको. तिच्यात तांबं असतं आणि तेही पाण्यात उतरतं. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही, कारण डिस्टिल्ड पाण्यातून वीज जेमतेम वाहते. मग धनाग्राची, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेची चांदी आयन होऊन पाण्यात येऊ लागते, तसा मल्टिमीटरचा आकडा हळूहळू चढतो. ऋणाग्रावर, म्हणजे दुसऱ्या तारेवर, करड्या रंगाचा भुसभुशीत थर धरतो. तार हलली की त्याचे तुकडे गळतात. ते पाहताना वेळ कसा जातो कळत नाही!

पहिल्या वेळी मी नळाचं पाणी घेतलं होतं. काही मिनिटांत ते दुधाळ झालं आणि चांदी भराभर उतरतेय असं वाटून मला फार आनंद झाला. प्रत्यक्षात नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीला धरलं होतं. तो दुधाळपणा सिल्व्हर क्लोराइडचा होता.

चांदी किती उतरली, हे किती वीज वाहिली त्यावरून, फॅरडेच्या नियमाने काढता येतं. 1 मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. पाव लिटर पाण्यात ती लिटरमागे 16 मिलिग्रॅम होते. काही चांदी ऋणाग्रावर परत बसते, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा समजा. अनेकजण फिल्टरवाल्यांकडचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर बुडवून त्यावरचा आकडा चांदीचा म्हणून सांगतात. तो मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि मिठाच्या हिशेबाने आकडा दाखवतो. कलिलातले कण त्याला जवळपास कळतच नाहीत.

आता दिवे मालवा. लेझरचा किरण साध्या पाण्यातून जाताना दिसत नाही. चांदीच्या पाण्यात बघा, बारीकशी रेघ उमटली. कण प्रकाश विखुरतात, हा टिंडल परिणाम. म्हणजे थोडे कण आहेत. पण असा किरण पाण्यात थेंबभर दूध टाकलं तरी दिसतो, तेवढ्यावर चांदी सिद्ध होत नाही. चांदीचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पुरेसे असतील तर पाणी पिवळं दिसतं, कारण ते 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतात. आपलं पाणी तर नितळ आहे.

म्हणून आता मीठ. या चिमटीने ग्लासात पांढरा ढग उठला, तो मागच्या रांगेतही दिसत असेल. हे आयन. पिवळ्या कलिलात मीठ घातलं असतं तर कण एकमेकांना चिकटून पिवळा रंग करडा पडला असता.

हे पाणी प्यायचं नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) 1999 मध्येच सांगितलं, की चांदीची अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातून 2002 मध्ये सिनेटची निवडणूक लढवलेले स्टॅन जोन्स घरीच असं पाणी बनवून पीत होते. त्यांची कातडी निळसर-राखाडी झाली. पोटातून गेलेली चांदी कातडीत साठते आणि उजेडाने काळवंडते. ती पुन्हा निघत नाही म्हटलं तरी चालेल.

खिडकीपाशी तिसरा ग्लास आहे. त्यात हेच पाणी आणि मीठ सकाळीच एकत्र करून ऊन लागेल असं ठेवलं होतं. जाताना त्याच्या तळाशी बघा. पांढरा साका होता, तो आता जांभळट-राखाडी झालाय.